डाव्या गालातलं तर्कशास्त्र

माझा डावा जबडा मिरजेला असतो आणि बाकीचा मी औंधला.

जबडा ऑपरेशनमध्ये काढला. (पुढं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.) उजवा जागेवर आहे, पण एकटा पडल्यामुळे बोलण्याच्या कामी त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून हे लिहून सांगतोय. एरवी मी लिहीत बसणारा माणूस नव्हतो. मी बोलणारा माणूस होतो. वाद घालायचो आणि जिंकायचो. आजवर एकही वाद हरलेलो नाही, आणि त्याचा परिणाम वर पहिल्याच ओळीत दिला आहे.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. हा विषय घेणारी मुलं दोन प्रकारची असत. काहींना गणित टाळायचं असे, काहींना झोपायचं असे. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, संपलं. पण वडूजच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासनं मला बोलावलं. तिथल्या पोरांना फौजदार व्हायचं असतं, बँकेत लागायचं असतं, आणि त्या परीक्षांत सिलॉजिझम येतो. म्हणजे दोन विधानं द्यायची आणि त्यावरून तिसरं निघतं का ते सांगायचं. 'सगळे कप बशा आहेत. काही बशा टेबलं आहेत. तर काही कप टेबलं आहेत का?' उत्तर: निष्कर्ष निघत नाही. बशांचा मोठा गोल काढायचा, त्याच्या पोटात कपांचा लहान गोल. टेबलांचा गोल बशांना कुठंतरी चिकटतो, पण तो कपांना शिवेलच असं नाही. पोरांना हे आवडायचं. मला तर इतकं आवडायचं, की खडूचा तुकडा मी घरीसुद्धा खिशात घेऊन यायचो.

दुसऱ्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. चाळीस वर्षं रोज, डाव्या गालात.

त्या उन्हाळ्यात एकदा जेवताना मी ठेचा बाजूला सारला. आमच्या घरात ठेचा बाजूला सारणं म्हणजे जवळजवळ राजीनामा दिल्यासारखं आहे. शालननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ते बरोबर टिपलं.

"आवं, आ करा."

"कशाला?"

"करा म्हंते न्हवं!"

तिनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि माझ्या तोंडात बघितलं. मग टॉर्च बंद केला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. (विहिरीत घागर पडली की माणूस असा दोनदा वाकतो.)

"आत पांढरं हाय. मदी फोड हाय. निकम सरांस्नी असंच आलंतं."

निकम सर माझ्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि माझ्याच पुडीतली तंबाखू खायचे. त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी गेले.

"निकम सरांना कॅन्सर होता," मी म्हणालो.

"त्येच म्हंते मी!"

इथं मी उठलो. खिशातून खडू काढला आणि स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर गोल काढायला लागलो. "हे बघ. हा मोठा गोल, तोंडात फोड आलेल्या माणसांचा. त्याच्या आत हा लहान गोल, कॅन्सरवाल्यांचा. कॅन्सरवाल्यांना फोड येतो, मान्य. मलाही फोड आलाय, मान्य. म्हणजे मी मोठ्या गोलात आहे. पण लहान गोलात आहे हे कशावरून? शालन, तुझं मध्यपद अव्याप्त आहे!"

"माजं काय?"

"मध्यपद! दोन्ही विधानांना जोडणारं मधलं पद. फोडवाले! सगळ्या फोडवाल्यांबद्दल तू काहीच सांगितलेलं नाहीस, म्हणून तुझा निष्कर्ष निघत नाही."

तिनं शांतपणे ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही गोल पुसून टाकले. त्यातच मीही पुसला गेलो.

"मला त्यातलं काय कळत न्हाई. मोठ्या गोलात हायसा न्हवं? मग बारक्यात हायसा का न्हाई, त्ये दावून या की मिरजंला."

यावर खरं म्हणजे उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं तर विषय बदलावा, इतका अनुभव मला होता. मी म्हणालो, "तुला काय वाटतं, तंबाखू खाणाऱ्या सगळ्यांना होतो?"

"व्हय. समद्यास्नी."

(सापडली!)

"आबांना झाला? आबांनी नव्वदीपर्यंत तंबाखू खाल्ली आणि गेले ते झोपेत. 'सगळ्यांना' हे विधान खोटं पाडायला एक आबा पुरतो!"

तिनं भिंतीवरच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोटोकडं बघितलं. आबांनीही तोंड उघडलं नाही. मी जिंकलो.

आता इतक्या दिवसांनी लबाडी कबूल करतो. आबांवरून एवढंच सिद्ध होतं, की काही तंबाखू खाणाऱ्यांना कॅन्सर होत नाही. त्या 'काहीं'मध्ये मी आहे, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा मी त्या 'काहीं'त जाऊन बसलो होतो. गाडी माझ्या गावाला जाते का, ते विचारलंच नव्हतं.

शालननं मला गावातल्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी लावायला मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "सर, काही वेळा अशा डागातून पुढं वाढतं. मिरजेला एकदा तुकडा काढून तपासून घ्या."

"काही वेळा!" मी म्हणालो. "डॉक्टर, 'काही' या शब्दावरून एका विशिष्ट माणसाबद्दल काहीही ठरत नाही."

बाहेर पंधरावीस पेशंट बसले होते. डॉक्टर म्हणाले, "बरं, सर." घरी येऊन मी शालनला सांगितलं, की डॉक्टरांनाही माझं म्हणणं पटलं.

मग तिनं भावाला फोन केला.

माझा मेव्हणा बिरू जत तालुक्यात मेंढरं राखतो. तिकडं पाऊस बेताचा, ज्वारी त्याहून बेताची, आणि बिरूचं बोलणं सर्वांत बेताचं. तो दोन एस.ट्या बदलून आला, पाणी प्याला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"दाजी, मिरजंला कवा जायाचं?"

मी त्याला गोल दाखवले. आबा सांगितले. 'काही' आणि 'सगळे' यातला फरक समजावला. अर्धा तास बोललो. त्या वेळी डाव्या बाजूनं बोलताना कळ कानापर्यंत जायची, तरी थांबलो नाही.

बिरूनं सगळं ऐकून घेतलं. "दाजी, माज्या एकाद्या मेंढराच्या तोंडाला लागलं, तर मी त्येला कळपातनं भाईर काढतो आन डाक्टरला बलावतो. फोड कशाचा हाय, त्ये मी मेंढराला इचारत न्हाई."

"अरे, मेंढरू आणि माणूस यात फरक आहे का नाही? आता ऐक. सगळी मेंढरं प्राणी आहेत. मी प्राणी आहे. म्हणून मी मेंढरू ठरतो का?"

बिरूनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"मला तर आता तसंच वाटाय लागलंय."

शालन आत हसली. पण ते हसू अर्ध्यात मोडलं, आणि नंतर नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बिरू जेवायला थांबला नाही. मटण केलं होतं, तरीही! जाताना उंबऱ्यात चपला घालत म्हणाला, "दाजी, मेंढरू वाद घालत न्हाई, म्हणून जगतंय." आणि गेला. मी शालनला म्हणालो, "बघ, त्याच्याकडंही मुद्दा नव्हता." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चार महिने असेच गेले. या चार महिन्यांत विनोदी म्हणावं असं फारसं काही घडलं नाही, पण सांगायला तर हवं. तोंड उघडेनासं झालं. आधी तीन बोटं जायची, मग दोन, मग एक आडवं. भाकरी दुधात भिजवून खायला लागलो आणि शालनला सांगितलं, की वय झालं, आता हलकं खावं. शर्टाची कॉलर सैल झाली. क्लासमध्ये पोरं म्हणाली, "सर, लय बारीक झालाय, जिम लावली का?" मी म्हणालो, "होय." उशीवर डाग पडायला लागले तेव्हा उशीचा अभ्रा मी स्वतःच धुवायला लागलो. लग्नाच्या छत्तीसाव्या वर्षी नवरा अचानक अभ्रे धुवायला लागला, यावरून बायकोनं काय निष्कर्ष काढावा? शालननं काढला. पण ती आता वाद घालत नव्हती. नुसती बघायची.

आणि खरं कारण सांगू का? मला भीती वाटत होती. निकम सरांना शेवटी भेटायला मी गेलो होतो. त्यांच्या तोंडावर ओला रुमाल होता आणि खोलीत उदबत्त्या लावल्या होत्या, दहाबारा एकदम, तरी वास जात नव्हता. निकम सरांनी माझ्या वरच्या खिशाकडं बोट केलं. पुडी होती तिथं. त्यांना ती हवी होती, की मला टाकून दे म्हणायचं होतं, ते कळलं नाही. मी दहा मिनिटांत बाहेर पडलो. तिठ्यावरच्या टपरीपाशी उभा राहून आधी तंबाखू मळली आणि मगच घरी आलो. त्या खोलीत परत जायचं नव्हतं, एवढाच माझ्या सगळ्या गोलांचा अर्थ होता. मग त्यासाठी अव्याप्त मध्यपद काय, आबा काय, जे हाताला लागेल ते मी मध्ये उभं केलं.

त्याच सुमाराला क्लासमध्ये चाचणी होती. प्रश्न मीच काढायचो. का कुणास ठाऊक, मी एक प्रश्न असा घातला:

'काही बेवारस पिशव्यांत बॉम्ब नसतो. स्टँडवर एक बेवारस पिशवी आहे. निष्कर्ष: त्या पिशवीत बॉम्ब नाही.'

(पिशवीच्या जागी गाल वाचावा. मी वाचलं होतं.)

दुसऱ्या दिवशी पेपर तपासले. चाळीस पोरं. एकूणएक जणांनी लिहिलं होतं: निष्कर्ष निघत नाही. ज्यांना 'सगळे कप बशा' अजून जमत नव्हतं, त्यांनीसुद्धा! मला राग आला. मी वर्गात म्हणालो, "असं कसं निघत नाही? काही पिशव्यांत बॉम्ब नसतो, हे दिलंय ना?"

पुढच्या बाकावरची प्रियांका उभी राहिली. फौजदार व्हायचं म्हणून पहाटे धावणारी, कुणाला न घाबरणारी पोरगी. "सर, काहींत नसतो म्हणजे ह्यात नाही, असं कुठं हाय? उलट हाय, असंबी निघत नाही. काहीच निघत नाही."

"मग काय करायचं?"

"मग काय, सर? निष्कर्ष निघत नसला की पिशवी उघडून बघणाऱ्याला बोलवायचं. तिच्याशेजारी बसून गोल काढत बसायचं व्हय?"

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण एवढं तोंड उघडत नव्हतं.

हेच शालन ओट्यापाशी म्हणाली होती. पण ती घरची. घरच्या माणसाचं म्हणणं बाहेरून, चाळीस सह्यांनिशी आल्याशिवाय मला पटत नाही, हा माझा जुना स्वभाव. वडूजहून औंधला येईपर्यंत एस.टी.त मी एकच वाक्य पाठ करत होतो: 'शालन, तुझं बरोबर होतं, आपण मिरजेला जाऊ.' दारात आलो. ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. मी म्हणालो:

"चहा आहे का?"

तीस वर्षं लोकांना चूक कशी असते हे शिकवलं. चूक कबूल कशी करायची, ते अभ्यासक्रमात नव्हतं!

तिसऱ्या दिवशी बिरूचा फोन आला. "दाजी, माज्याच तोंडात काय तरी आलंय. लय भ्या वाटाय लागलंय. मिरजंला जायाचं हाय. तुमी शिकल्यालं मानूस, डाक्टरसंगं बोलाय पायजे. येताय न्हवं?"

बिरूनं आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. सुपारीसुद्धा नाही. तो खोटं बोलत होता हे मला कळलं. मला कळलंय हे त्यालाही कळलं असणार. मागं शालन भांडी घासत होती आणि भांडं एकच होतं.

"येतो रं," मी म्हणालो. "तुझ्यासाठी यायलाच पाहिजे." त्या वेळी मला जे हलकं वाटलं, ते सांगता येणार नाही.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात आम्ही तिघं बाकावर बसलो. केसपेपर बिरूच्या नावानं निघाला, कारण नाटक तर शेवटपर्यंत करायला हवं! नंबर आला. आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तिघंही आत गेलो.

"तंबाखू खाता?" बाईंनी बिरूला विचारलं.

बिरूनं माझ्याकडं बघितलं. "व्हय."

"किती वर्षं?"

"चाळीस." (माझी!)

"दिवसातून किती वेळा?"

"धा-बारा बार हुत्यात. डाव्या गालात." शाळेत कधी न गेलेल्या त्या माणसानं माझा सगळा इतिहास एका दमात, एकही चूक न करता सांगितला. मग बाईंनी त्याला भिंतीवरची चित्रं दाखवली आणि चांगलं झापलं. "बायकापोरांचा विचार केला नाहीत? एवढी चित्रं छापतात पुडीवर, दिसत नाहीत?" बिरू मान खाली घालून ऐकत होता. माझ्या वाटणीचं सगळं तो खात होता, आणि मी शेजारी शिकलेला माणूस म्हणून उभा होतो.

"आ करा."

बिरूनं आ केला. तोंड आतून कोकराच्या तोंडासारखं, स्वच्छ, गुलाबी. बाई चक्रावल्या. "चाळीस वर्षं तंबाखू खाताय आणि काहीच नाही?"

आणि इथं माझ्याकडून ते झालं. मी नको होतं म्हणायला. पण इतक्या वर्षांची सवय! समोर कुणी 'काहीच नाही' म्हणाल्यावर राहवलंच नाही.

"बघा डॉक्टर!" मी म्हणालो. "म्हणजे सगळ्यांना होतोच असं नाही! हे उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे!"

मग शालन ओरडली. छत्तीस वर्षांत ती माझ्यावर परक्या माणसासमोर ओरडलेली नव्हती.

"आवं, त्यो न्हाई खात! तुमी खाताय! बाई, ह्येंचं बगा! ह्येंच्या तोंडात हाय त्ये! त्यो खोटं बोलतोय, आन ह्ये त्याच्या खोट्यावर वाद जितत्यात!"

बाईंनी बिरूकडं, मग माझ्याकडं बघितलं. मला खुर्चीत बसवलं. "जीभ बाहेर काढा." जेवढी निघाली तेवढी काढली. त्यांनी ती कापडात धरली आणि टॉर्च लावला. मी काहीतरी म्हणणार होतो, पण माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझा मुद्दा कुणीतरी असा हातात धरून ठेवला होता.

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिथं गोल काढायची गरज नव्हती.

तुकडा काढला, तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला. बाई समजुतीनं बोलत होत्या, पण एक वाक्य त्यांनी सांगितलंच. "चार महिने आधी आला असता, तर बहुतेक गालावरच भागलं असतं. आता जबड्यात गेलंय." शालन खाली बघत होती. तिनं 'मी म्हनलं हुतं' असं म्हणावं म्हणून मी वाट बघितली. ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही. म्हणाली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर घालून मला नेत होते. बाईंनी आधीच सांगितलं होतं, की जबडा जाईल, जिभेची कड जाईल, बोलणं पूर्वीसारखं राहणार नाही. म्हणजे धड बोलायची ही शेवटची संधी. वाक्य तर मला वडूजपासून पाठ होतं. शालन स्ट्रेचरशेजारी चालत होती, बिरू तिच्या मागं. दार आलं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो:

"चष्मा सांभाळ."

माझ्या तोंडून निघालेला तो शेवटचा स्पष्ट 'ळ'.

पुढचं थोडक्यात सांगतो. छातीवरचं कातडं आणि मांस उचलून गालाच्या जागी लावलं. नाकात नळी घातली. शालन ज्वारीची भाकरी दुधातून मिक्सरला लावायची आणि नळीतून मला भरवायची, चव कुठून लागणार, पण ती प्रत्येक वेळी विचारायची, "मीठ बेतानं हाय न्हवं?" आणि मी मान हलवायचो. पंधराएक दिवसांनी नव्या गालात काहीतरी टोचायला लागलं. आरशात बघितलं तर आत केस उगवत होते! छातीवरचे! त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, की आता आपण तोंडात राहायला आलोय. मग लाईट सुरू झाले (रेडिएशनला आमच्याकडं लाईटच म्हणतात) आणि केस गेले. त्यांच्याबरोबर लाळ आणि जिभेची चवही गेली. बिरू त्या काळात पंधरा-पंधरा दिवस मेंढरं भावकीवर सोडून येऊन राहायचा. माझ्या पायथ्याशी बसून राहायचा. एकदा मी पाटीवर लिहिलं, 'तुला त्या दिवशी उगाच झापलं बाईंनी.' त्याला वाचता येत नाही. शालननं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मला कुठं झापलं? केसपेपरावर नाव तेवडं माजं हुतं."

आता दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी मिरजेला जातो, बाई टॉर्च लावतात, ठीक आहे म्हणतात, आम्ही परत येतो. तंबाखू सुटली. क्लासही सुटला, कारण माझं बोलणं आता कुणालाच कळत नाही. एक शालन सोडून. मी बोलतो, ती ऐकते आणि लोकांना सांगते. दूधवाल्याला, पोस्टमनला, फोनवर, सगळीकडं. मी पाच वाक्यं बोलतो, ती एक सांगते. सुरुवातीला वाटलं, शॉर्टकट मारतेय. नंतर लक्षात आलं, की ते एक वाक्यसुद्धा माझं नसतं. न्हाव्याला मी सांगतो, "बाजूनं बारीक करा, वर जरा ठेवा." ती सांगते, "समदं उतरवा, उन्हाळा हाय."

परवा इथल्या हायस्कूलमध्ये व्यसनमुक्तीवर बोलायला मला बोलावलं. मुख्याध्यापक माझे विद्यार्थी. नाही म्हणता आलं नाही. मी आठ दिवस तयारी केली. भाषण दहा मिनिटांचं. त्यात 'सगळे' आणि 'काही' यातला फरक होता, निष्कर्ष न निघणं म्हणजे धोका नसणं नव्हे हा मुद्दा होता, आणि शेवटी निकम सरांबद्दल चार शब्द होते. फळ्यावर गोल काढले. मनापासून बोललो. लाळ पुसत, थांबत, पुन्हा बोलत. पोरं एकदम गप्प होती. संपल्यावर मी खाली बसलो आणि शालनकडं बघितलं. ती उठली, पदर खोचला, माईक धरला.

"सर म्हंत्यात, तोंडात काय दिसलं तर डाक्टरला दावा. आन बायका सांगतील त्ये ऐका."

आणि खाली बसली.

"एवढंच?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"एवडंच हाय," शालन म्हणाली. "बाकीचं त्येंच्या सवयीचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरणी तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. निकम सरांचं नाव कुणाच्या कानावर गेलं नाही, दहा मिनिटांतलं एक अक्षर नाही. मी ताडकन उठलो आणि हे माझं म्हणणं नव्हतं, असं तिथल्या तिथं सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

मग सगळ्यांनी शालनकडं बघितलं.

"सर म्हंत्यात," ती म्हणाली, "आबारी हाय."